थेरपी देणाऱ्याच्या कामावर नजर कोणाची?

मूल अडीच-तीन वर्षांचे होते, तरी हाक मारली की वळून बघत नाही. खेळण्यातली मोटार जमिनीवर चालवण्याऐवजी उलटी करून नुसते चाक फिरवत बसते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळते. शेजारीण धीर देते, "याचा बापही उशिराच बोलायला लागला होता." मग घरातले कोणी मीठ-मिरची ओवाळते, कोणी एखाद्या भगताचा पत्ता आणून देते. त्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. अखेर कोणीतरी जाणते माणूस सरकारी इस्पितळाची वाट दाखवते आणि तिथले डॉक्टर एक शब्द सांगतात : ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

स्वमग्नता म्हणजे वेड नव्हे. ती आईबापाच्या कुठल्या चुकीने येत नाही आणि गोळीने जातही नाही. मेंदूची घडणच थोडी वेगळी असते. आवाज, प्रकाश, स्पर्श, माणसांचे चेहरे आणि बोलणे हे सगळे त्या मुलापर्यंत निराळ्या रीतीने पोहोचते. अशा मुलाला शिकवता येते, त्याचे आयुष्य सुखाचे करता येते. त्यासाठी डॉक्टर कागदावर लिहून देतात : स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, बिहेवियर थेरपी.

इथून पुढे खरी परवड सुरू होते. सेंटर दूर, लोकलला गर्दी, आणि एका बैठकीची फी पुष्कळदा घरातल्या कमावत्याच्या दिवसभराच्या मजुरीइतकी. आई मुलाला घेऊन जाते. आतून एक ताई येतात, मुलाचा हात धरून खोलीत नेतात, दार लागते. आई बाहेरच्या बाकावर बसते. पाऊण तासाने दार उघडते. "आज छान बसला हं," ताई सांगतात. आई मान डोलावते आणि पुढच्या वेळेची तारीख घेऊन परत फिरते.

त्या पाऊण तासात आत काय झाले, हे मूल सांगू शकत नाही; ते बोलतच नाही, म्हणून तर त्याला आणले आहे. आई विचारत नाही, कारण आपण कमी शिकलेलो, त्या शिकलेल्या, असे तिला वाटते. मग त्या बंद दाराआडच्या कामावर नजर कोणाची? हा प्रश्न आपल्यापैकी फारसे कोणी विचारत नाही. तो प्रत्येक आईने विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर मागायचा तिला पूर्ण अधिकार आहे, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

सुपरविजन म्हणजे मुकादमी नव्हे

जगात जिथे जिथे थेरपीचे काम नीट चालते, तिथे एक रीत असते. थेरपी देणारी व्यक्ती ठरावीक दिवसांनी आपल्याहून अनुभवी माणसासमोर बसते आणि आपले काम उघडे करून दाखवते. या मुलाबरोबर मी काय केले, का केले, काय जमले, कुठे अडले, कुठे माझा तोल गेला, हे सांगते. कधी तो अनुभवी माणूस प्रत्यक्ष खोलीत येऊन बघतो, कधी कामाची चित्रफीत दोघे मिळून बघतात. याला क्लिनिकल सुपरविजन म्हणतात.

सुपरविजन म्हटले की आपल्याला कारखान्यातला सुपरवायझर आठवतो : हजेरी घेणारा, माल मोजणारा, उशीर झाला की पगार कापणारा. हे तसे नाही. ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर या समुपदेशन-शिक्षिकेने १९८०च्या दशकात सुपरविजनची तीन कामे सांगितली, ती आजही जगभर शिकवली जातात. काम नियमाला आणि नीतीला धरून होते आहे ना, हे बघणे. काम करणाऱ्याला पुढचे शिकवणे. आणि काम करून थकलेल्या, घाबरलेल्या, खचलेल्या माणसाला आधार देणे. तिसरे काम लोक विसरतात; त्याबद्दल पुढे बोलू.

या रीतीला शंभर वर्षे होऊन गेली. १९२० मध्ये बर्लिन शहरात मनोविश्लेषणाचा पहिला मोठा दवाखाना निघाला, तेव्हाच तिथे शिकणाऱ्या डॉक्टरांनी आपले रुग्ण वरिष्ठांच्या देखरेखीखाली हाताळावेत, अशी पद्धत बसवली गेली. आज ब्रिटनच्या समुपदेशकांच्या संघटनेत नियमित सुपरविजन घेतल्याशिवाय सभासदाला काम करता येत नाही. मग तो वीस वर्षांचा अनुभवी का असेना. अमेरिकेत स्वमग्न मुलांबरोबर रोज बसून काम करणारे जे तंत्रज्ञ असतात, त्यांचे मूळ प्रशिक्षण अवघे ४० तासांचे. म्हणून त्यांच्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचा नियम असा, की महिन्याभरात जितके तास काम केले, त्याच्या किमान ५ टक्के वेळ त्यांच्यावर देखरेख झाली पाहिजे. ८० तास काम केले तर ४ तास. आणि त्यात मुलाबरोबर प्रत्यक्ष काम चालू असताना बघणे आलेच पाहिजे.

अनुभवी माणसालाही दुसरी नजर का लागते? या साप्ताहिकाचेच उदाहरण घ्या. लेख लिहिणाऱ्याने स्वतःचे लिखाण कितीदा वाचले तरी त्याला चूक दिसत नाही, कारण जे लिहायचे मनात होते तेच त्याला कागदावर दिसते. म्हणून मुद्रिते दुसऱ्याने तपासावी लागतात. अक्षराची चूक झाली तर शुद्धिपत्र देता येते. मुलाच्या आयुष्याची दोन वर्षे वाया गेली तर कसले शुद्धिपत्र देणार?

हात कोणाचा, बोलणे कोणाचे?

दुसरी नजर नसली की किती मोठा घोटाळा होऊ शकतो, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्याजोगे आहे. यात वाईट हेतूचे कोणी नव्हते. सगळी भली माणसे होती, म्हणूनच ते जास्त विचार करायला लावते.

ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉस्ली या बाईंनी एक पद्धत काढली होती. न बोलणाऱ्या, हातांवर ताबा नसलेल्या मुलांचा हात किंवा मनगट सहाय्यकाने धरायचे, म्हणजे मूल अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून शब्द जुळवते. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक डग्लस बिकलेन यांनी ती पाहिली, १९९० मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि बघता बघता ती अमेरिकाभर पसरली. तिचे नाव फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन. जी मुले जन्मात एक शब्द बोलली नव्हती, ती "आई, मी तुझ्यावर प्रेम करतो" असे टंकलिखित करू लागली. कविता लिहू लागली, शाळेतली गणिते सोडवू लागली. आईबापांच्या डोळ्यांतले पाणी खळेना. इतकी वर्षे आत कोंडलेले आपले लेकरू आता बोलू लागले! कोणत्या आईला हे खोटे वाटेल? सहाय्यकांनाही आपण पुण्याचे काम करतो आहोत, असेच मनापासून वाटत होते.

मग काही ठिकाणी त्या पाटीवर वेगळेच उमटू लागले. बापाने माझ्यावर अत्याचार केला, असे आरोप. पोलीस आले, खटले उभे राहिले, काही मुलांना आईबापांपासून तोडून महिनोन्‌महिने दुसरीकडे ठेवले. तेव्हा कुठे लोकांच्या मनात आले, की हे बोलणे मुलाचे की हात धरणाऱ्याचे, हे तपासायला हवे.

तपासणी किती साधी होती पाहा. न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक या केंद्रात स्वमग्न मुलामाणसांवर हीच पद्धत चालू होती. १९९३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. मूल आणि सहाय्यक यांच्यामध्ये आडपडदा ठेवून दोघांना चित्रे दाखवायची. कधी दोघांना एकच, कधी दोघांना वेगवेगळी. समजा मुलाला दिसली चावी आणि सहाय्यकाला दिसला पेला. पाटीवर काय उमटावे? मूल लिहीत असेल तर चावी. पण उमटले पेला. १२ जणांची परीक्षा झाली; सहाय्यकाने न पाहिलेल्या चित्राचे नाव एकाकडूनही बरोबर आले नाही. ही तपासणी त्या पद्धतीचे शत्रू करत नव्हते. तिथल्याच लोकांना ती खरी असल्याचे सिद्ध करायचे होते. सहाय्यकांना निकाल दाखवला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. आपण लबाडी करत नव्हतो, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. त्यांचा हात त्यांच्या नकळत चालत होता. प्लँचेटच्या वाटीवर बोटे ठेवून बसणाऱ्यांना वाटी आपोआप सरकते असे वाटते; त्यातलाच हा प्रकार.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला. तरी ती पुरती मेली नाही, नवी नावे घेऊन फिरत राहिली. म्हणून २०१८ मध्ये तिथल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने पुन्हा बजावून सांगितले, की ही पद्धत वापरू नये. तिच्यासारखीच, सहाय्यकाने अक्षरांची पाटी हातात धरून मुलाला भराभर सूचना देत राहायची, अशी जी दुसरी पद्धत आहे, तीही वापरू नये, असे त्यांनी सांगितले. एक मात्र ध्यानात ठेवावे. जे मूल कोणी हात न धरता स्वतः चित्राचे कार्ड उचलून देते किंवा टॅबलेटवर स्वतः बोट ठेवून "पाणी" म्हणते, त्याचे ते बोलणे खरेच त्याचे असते आणि ते शिकवणे फार चांगले. प्रश्न फक्त हात कोणाचा, एवढाच आहे.

आता विचार करा. देशभर पसरलेल्या त्या कामात पहिल्याच महिन्यांत जर प्रत्येक सहाय्यकाला कोणी म्हटले असते, "बाई, तुम्ही पाटीकडे न बघता करून दाखवा," तर? तेवढा एक प्रश्न विचारायला कोणी असावे, यासाठीच सुपरविजन असते.

मोठ्या नावापुढे दबून जाऊ नये

थेरपी देणारा नवखा असेल तर ठीक, पण नावाजलेल्या डॉक्टरला कोण विचारणार, असे काहींना वाटेल. त्यांनी ब्रुनो बेटलहाइम यांचे नाव ऐकावे. १९४४ ते १९७३ पर्यंत ते शिकागोमधील एका निवासी शाळेचे प्रमुख होते. १९६७ मध्ये पुस्तक लिहून त्यांनी जगाला सांगितले, की आईच्या मनात मायेचा ओलावा नसतो म्हणून मूल स्वमग्न होते. हजारो आया आपणच लेकराच्या आयुष्याचे मातेरे केले, या समजुतीत कुढत राहिल्या. खरे तर त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, पुरावे मांडून दाखवले होते की दोष आईचा नाही, कारण शरीरात आहे. पण बेटलहाइम यांचा दबदबा मोठा. त्यांच्या शाळेचे दार उघडून आत काय चालते, हे बघायची कोणाची छाती झाली नाही. १९९० मध्ये ते वारले आणि मग त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तोंड उघडले : ते आम्हाला मारत असत. त्यांच्या शिक्षणाचे जे दाखले ते सांगत, तेही फुगवलेले निघाले. आपल्याकडे आजही एखादी सासू सुनेला म्हणते, "तू मोबाईल बघत बसलीस म्हणून पोर असे झाले." बेटलहाइम गेले, त्यांचा विचार काही घरांतून गेलेला नाही.

नुसता वरिष्ठ असला म्हणजे सुपरविजन झाले, असेही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात जज रोटेनबर्ग सेंटर नावाची संस्था आहे. तिथे वर्तन सुधारण्यासाठी मुलामाणसांच्या अंगाला विजेचे यंत्र बांधून झटके देण्याची पद्धत चालत आली. कागदोपत्री सगळे चोख : योजना, मंजुऱ्या, कॅमेरे. ऑगस्ट २००७ मध्ये एका रात्री तिथल्या वसतिगृहात फोन आला. बोलणाऱ्याने आपण वरिष्ठ असल्याचे सांगितले आणि दोन मुलांना झटके द्या, असा हुकूम सोडला. कर्मचाऱ्यांनी मुलांना झोपेतून उठवून झटके दिले. एकाला ७७, दुसऱ्याला २९. तो फोन वरिष्ठाचा नव्हताच. कोणीतरी खोटा फोन केला होता. हुकूम पाळणारी माणसे तिथे भरपूर होती, "का?" असे विचारणारे त्या वेळी पुरेसे कोणी नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली, २०२२ च्या अखेरीस तिथल्या संसदेने कायदा बदलून प्रशासनाला अधिकार दिला आणि २०२४ मध्ये बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडला गेला. इतकी वर्षे लागतात.

यावरून एक समजते. चांगला सुपरवायझर हुकूम देत नाही, प्रश्न विचारतो. त्यातला सर्वांत मोठा प्रश्न असा, की हे आपण कोणासाठी करतो आहोत? मूल हात फडफडवते. त्याने कोणाला इजा होत नाही, त्याला त्यातून बरे वाटते. मग ते बंद करण्यासाठी सहा महिने का घालवायचे? लोक बघतात म्हणून? डोळ्यांत डोळे घालून बघ, अशी सक्ती पुष्कळ ठिकाणी करतात. मोठी झालेली स्वमग्न माणसे सांगतात, की तसे बघताना आम्हाला त्रास होतो आणि समोरच्याचे बोलणे उलट कमी समजते. जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने १९९३ मध्येच आईबापांना बजावले होते, की आमच्यासाठी रडत बसू नका, आम्ही जसे आहोत तसे समजून घ्या. ज्यांच्यावर थेरपी होते त्यांचे म्हणणे ऐकायचे, ही अक्कल त्या क्षेत्राला फार उशिरा आली. ज्यांच्याबद्दल निर्णय होतो त्यांनाच विचारत नाहीत, हे आपल्या वाचकांना काही नवे नाही.

संडासला जायचे आहे हे सांगता येणे, भूक लागली तर मागता येणे, रस्त्यावर हात सोडून न पळणे, नको असेल तर "नको" म्हणता येणे, ही खरी ध्येये. मूल "नको" म्हणायला शिकले की थेरपी देणाऱ्यालाही ते कधी कधी "नको" म्हणते. त्याचा राग न येता आनंद व्हावा, ही तयारी सुपरविजनमधूनच होते.

गोव्यात काय झाले

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याला कसे परवडणार, असे म्हणणाऱ्यांसाठी उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यात संगत नावाची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिने पाकिस्तानातील रावळपिंडी आणि इंग्लंडमधील मँचेस्टर येथील मंडळींबरोबर एक प्रयोग केला. तो २०१६ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय मासिकात छापून आला. स्वमग्नतेचे तज्ज्ञ आपल्याकडे मूठभर. तेव्हा तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून ते काम करतील का, हे पाहायचे होते. दोन्ही देशांत मिळून ६५ मुले घेतली, निम्म्या मुलांच्या घरी कार्यकर्ते जात. सहा महिन्यांत सुमारे १२ बैठका.

पद्धत आपल्या कामाची आहे. कार्यकर्ता मुलाला "शिकवत" नाही. आई आणि मूल खेळत असताना तो थोडे चित्रीकरण करतो, मग आई आणि तो मिळून ते बघतात. बघा, इथे बाळाने चमच्याकडे पाहिले, तुम्ही लगेच "चमचा" म्हणालात, ते छान झाले. इथे तुम्ही घाई केलीत, थोडे थांबा, तो काय करतो बघू. बाकी काम आई दिवसभर भाकरी थापताना, आंघोळ घालतानाच करते. आणि कार्यकर्त्याच्या कामावर तज्ज्ञाची देखरेख, त्या तज्ज्ञांना शिकवायला मँचेस्टरचे अनुभवी लोक. जिन्यासारखी रचना, प्रत्येक पायरीवरच्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी उभे. निकाल असा आला, की आया मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद देऊ लागल्या आणि मुलेही आपणहून आईशी संवाद जास्त सुरू करू लागली. सगळेच सुधारले असे नाही. एकाच गोष्टीत दोघांनी मिळून रमण्याचा वेळ कमी झालेला दिसला आणि तेही त्यांनी लपवले नाही, छापले. असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास जास्त बसतो.

म्हणजे मोठी पदवी नसलेला माणूसही हे काम करू शकतो, पण एकट्याने सोडून दिलेला नाही.

आपल्याकडचा कायदा आणि आपला प्रश्न

आपल्या देशात १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांना या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय काम करता येत नाही. केले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्राची वेगळी परिषद २००२ च्या कायद्याने आहे. तेव्हा पहिला प्रश्न सोपा : "ताई, तुमचा नोंदणी क्रमांक काय?" भिंतीवर फ्रेम लावलेली असते ती जवळ जाऊन वाचावी. नोंदणी असलेला माणूस या प्रश्नाने रागावत नाही. तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सचे रंगीत प्रमाणपत्र ही नोंदणी नव्हे. वर सांगितलेल्या अमेरिकन मंडळाचे नाव पाटीवर लावलेलेही दिसते; त्या मंडळाने २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणे बंद केले आहे, हे ठाऊक असावे.

पण नोंदणी हे दारातून आत येण्याचे तिकीट झाले. शिकत असताना देखरेख असते. पदवी हातात पडल्यावर दर महिन्याला कोणी काम तपासावे, असे बंधन हा कायदा घालत नाही. ती उणीव आहे आणि कायदा बदलेपर्यंत ती आईबापांच्या प्रश्नांनीच थोडीफार भरून निघेल. म्हणून दुसरा प्रश्न : "माझ्या मुलाचे काम तुम्ही कोणाशी बोलता? ते वरिष्ठ त्याला शेवटचे कधी बघून गेले?" चांगल्या सेंटरमध्ये उत्तर चटकन मिळते : अमुक मॅडम दर पंधरा दिवसांनी येतात, मागच्या वेळी त्यांनी ध्येय बदलायला सांगितले. "आम्हाला गरज पडत नाही" हे उत्तर आले, तर सावध व्हावे.

तिसरे म्हणजे आत बसून बघू द्या, असे म्हणावे. सुरुवातीला मूल आईला बघून रडते म्हणून काही दिवस बाहेर थांबा म्हटले, तर ते ठीक. पण कधीच बघू देणार नाही, काचेतूनही नाही, चित्रफीतही नाही, हे चालणार नाही. मुलाच्या अंगावर वळ दिसला, सेंटरचा रस्ता आला की ते थरथरू लागले, घरी आल्यावर नव्याने अंथरुणात लघवी करू लागले, तर ते बोलते आहे असे समजा. त्याच दिवशी विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.

एक वही घालावीच. शाळेची शंभर पानी पुरते. थेरपी सुरू करताना लिहावे : तीन महिन्यांत काय यायला हवे? "लक्ष वाढेल" असे मोघम नको. "ग्लास दाखवून पाणी मागेल" असे लिहून घ्यावे. तीन महिन्यांनी वही उघडून बघावी. जमले नसेल तर भांडायला जाऊ नये. का जमले नाही आणि आता काय बदलणार, ते विचारावे. आईला लिहिता येत नसेल तर थोरली बहीण लिहील, शेजारचा कॉलेजचा मुलगा लिहील. मूल घरी काय करते हे आईइतके कोणाला माहीत नाही आणि शहाणा सुपरवायझर ती वही आधी मागून घेतो.

पैशाचेही थोडे सांगतो. जिल्हा रुग्णालयांत २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र निदान व उपचार केंद्रे उघडली आहेत, तिथे पैसे लागत नाहीत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. तेव्हा दिव्यांगत्वाचा दाखला काढावा, लाजू नये. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा विमा मिळतो आणि थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत बसतो. सरकारी ठिकाणी गर्दी असते, तारीख उशिराची मिळते, हे खरे. पण तिथे ज्युनिअरच्या मागे सहसा एक सीनिअर असतो, ही गोष्ट छोटी नाही.

आतल्या ताईंची बाजू

आता मघाशी राखून ठेवलेले. दाराआडच्या त्या ताईही कोणाच्या तरी लेकी आहेत. आपल्याच वस्त्यांतल्या कितीतरी मुली आज विशेष शिक्षणाची पदविका घेऊन या क्षेत्रात उतरल्या आहेत. पगार तुटपुंजा, दिवसाला सहा-सात मुले, एकामागून एक. कोणी चावते, कोणी केस ओढते, कोणी तासभर रडते. बाहेर आईबाप आशेने बघत असतात : कधी बोलेल? "छान बसला" एवढेच सांगून वेळ मारून न्यावी लागते, कारण "आज काहीच जमले नाही" म्हटले तर मालक रागावतो, गिऱ्हाईक तुटते. रात्री झोप लागत नाही. आणि एखाद्या दिवशी थकलेला हात मुलाच्या दंडावर जरा जास्त जोराने पडतो. तिच्यापाशी बसून "आज काय झाले गं?" असे विचारणारे कोणी असते, तर ती वेळ आलीच नसती.

सेंटरच्या मालकांना सुपरविजन महाग वाटते, कारण तो तास फीत धरता येत नाही. तेव्हा या कामात असलेल्या आपल्या मुलींनी नोकरी घेतानाच विचारावे : सुपरविजन कोण देणार, किती तास, आणि ते पगारी वेळेत की सुटीच्या दिवशी? एकट्या-दुकट्या काम करणाऱ्या चार जणींनी महिन्यातून एकदा एकत्र बसून, मुलाचे नाव न घेता, आपापली अडचण मांडली तरी पुष्कळ फरक पडतो. जवळच्या संस्थेतल्या एखाद्या निवृत्त बाईंना बोलवावे. बहुतेक जण आनंदाने येतात.

आणि खरोखरच मारहाण, उपासमार, अपमान असे काही घडले असेल, तर तिथे सुपरविजनची भाषा संपते. २०१६ च्या कायद्याचे कलम ९२ दिव्यांग व्यक्तीवर असा अत्याचार करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, मुलाची तपासणी सरकारी इस्पितळात करून घ्यावी, आणि तक्रारीची एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाठवावी. सोबत ती वही न्यावी.